लेक इमर्जन्सी रूममध्ये काम करायचं म्हणते

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी दहा वर्षांची असताना पुण्याहून इथे आलो, मागच्या वर्षी सगळ्यांची ग्रीन कार्डं आली. ती राज्याच्या विद्यापीठात बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचंय. जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, चारपैकी ३.६ आहे. आता तिनं मनावर घेतलंय की हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात टेक, म्हणजे टेक्निशियन, म्हणून नोकरी करायची. चौकशी केली तर कळलं की बेडपॅन देणं, उलट्या पुसणं, स्ट्रेचर ढकलणं असलं सगळं त्यात येतं, शिवाय रात्रपाळी. माझे दीर म्हणतात, त्यापेक्षा स्क्राइब हो, डॉक्टरशेजारी उभं राहून टायपिंग करायचं, स्वच्छ काम. ह्यांचं म्हणणं, नोकरीच कशाला, लॅबमध्ये रिसर्च कर. तिनं टेकच्या जागेसाठी तीन ठिकाणी अर्ज टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. आम्ही दोघं इंजिनियर, या वाटेचं आम्हाला काही कळत नाही. काय करावं? — एक आई, एडिसन

उत्तर:

ताई, लेकीनं निवडलेलं काम चांगलं आहे. तिचा क्रम तेवढा चुकलाय, म्हणूनच अर्जांना उत्तर येत नाही. हातात कुठलंही सर्टिफिकेट नसताना इमर्जन्सी टेकच्या जागेसाठी अर्ज केला की बहुतेक ठिकाणी तो माणसापर्यंत पोहोचतच नाही, आधीच बाजूला पडतो. ते कसं सुधारायचं ते पुढे सविस्तर सांगतो. आधी बेडपॅनबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात खरी काळजी तिथेच दिसते.

आपल्याकडे बारावीनंतर नीट, मग एमबीबीएस, आणि शेवटी वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीची ड्युटी. म्हणजे रक्त, ओकारी, ओरडणारे नातेवाईक हे सगळं पाहायच्या आधी मुलगा डॉक्टर व्हायचं ठरवूनही मोकळा झालेला असतो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल कॉलेज. प्रवेश समितीला अर्जातून जाणून घ्यायचं असतं की या मुलीनं आजारी माणूस जवळून पाहिलाय का, त्याचा वास, त्याची भीती, त्याचा राग सोसलाय का, आणि तरीही तिला हेच करायचंय का. मार्क आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा यातून ते कळत नाही. महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलात वॉर्डातले मामा आणि मावशी जे काम करतात, ईसीजी टेक्निशियन जे करतो, ड्रेसिंग आणि प्लास्टरच्या खोलीत जे चालतं, ते सगळं थोडं थोडं मिळून इथला इमर्जन्सी टेक होतो. त्यात कमीपणा काही नाही. ज्या आजोबांना उठता येत नाही त्यांच्या कमरेखाली लाज राखून बेडपॅन कसा सरकवायचा, हे ज्याला आलं त्याला रुग्णाशी बोलता येतं. डॉक्टर झाल्यावर हे शिकायला कुणी वेळ देत नाही.

आता या विभागात नवख्या मुलामुलीला कोणकोणती दारं उघडी असतात ते पाहू. सगळ्यात सोपं दार व्हॉलंटियरचं. आठवड्याला तीन-चार तास, चादरी बदलणं, ब्लँकेट देणं, वाट पाहणाऱ्यांना काय चाललंय ते सांगणं. रुग्णावर उपचाराचं काहीही करता येत नाही. त्यानंतर रजिस्ट्रेशनचं टेबल, रुग्ण एक्स-रे किंवा सीटीला नेणारा ट्रान्सपोर्टर, आणि सिटर. सिटरचं काम फार कमी जणांना माहीत असतं आणि अनेक ठिकाणी त्याला आधीचं प्रशिक्षण लागत नाही. जो रुग्ण स्वतःला इजा करून घेईल अशी धास्ती असते, किंवा जे आजोबा भ्रमात सलाइन उपटून खाली उतरू बघतात, त्यांच्याजवळ पूर्ण पाळीभर बसून राहायचं आणि ठरावीक वेळाने, बहुधा दर पंधरा मिनिटांनी, कागदावर नोंद करायची. फोन बघायचा नाही, पुस्तक उघडायचं नाही, बाथरूमला जायचं तर आधी दुसरं माणूस येऊन बसलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्री तीन वाजता फार अवघड जातं. तरी त्याच हॉस्पिटलात टेक व्हायची ही चांगली पायरी आहे, कारण आतल्या उमेदवाराचा अर्ज नर्स मॅनेजर स्वतः वाचते.

स्क्राइबचं म्हणाल तर तुमच्या दिरांचं बोलणं निम्मं बरोबर आहे. डॉक्टर रुग्णाशी बोलत असताना स्क्राइब कंप्युटरवर नोंद लिहितो: दुखणं कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कुठे पसरतं, तपासणीत काय सापडलं, डॉक्टरनं कोणते आजार मनात धरले आणि कोणते कशामुळे सोडून दिले. या शेवटच्या भागातून डॉक्टरचं डोकं कसं चालतं ते कळतं, आणि हे टेकला इतक्या जवळून मिळत नाही. शिवाय त्याच डॉक्टरांबरोबर पाळ्यामागून पाळ्या काढल्यावर शिफारसपत्रही नीट, ओळखीनं लिहिलेलं मिळतं. पण स्क्राइब रुग्णाला हात लावत नाही. पगार बहुतेक ठिकाणी किमान वेतनाच्या आसपासच असतो. काही कंपन्या एक-दोन वर्षं काम करायची अट लेखी घेतात, तेव्हा सही करण्याआधी मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचे पैसे कापतात का ते वाचायचं. आणि डॉक्टर-रुग्णांचं बोलणं ऐकून नोंद स्वतः तयार करणारी एआय सॉफ्टवेअरं आता हॉस्पिटलांत आली आहेत, त्यामुळे या जागांचा दोन वर्षांनंतरचा भरवसा आम्ही धरणार नाही. पदवीनंतर एक वर्ष मोकळं ठेवून पूर्णवेळ काम करायचं असेल तर स्क्राइब छान. कॉलेज चालू असताना, तुमच्या लेकीचा कल पाहता, आम्ही टेकच म्हणू.

लॅबमधला रिसर्च वेगळी गोष्ट आहे. पुढेमागे संशोधनाकडे वळायचं असेल तर तो हवाच. पण रुग्णाजवळ घालवलेल्या तासांची भरपाई त्यातून होत नाही. तिच्या वडिलांना एवढंच सांगा की दोन्ही होऊ शकतं, फक्त एकाच सेमिस्टरला सुरू करायचं नाही.

आता क्रम. टेकच्या जागेसाठी बहुतेक इमर्जन्सी विभागांना ईएमटीचं, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचं, सर्टिफिकेट हवं असतं, काही ठिकाणी सीएनए चालतं. सीएनए म्हणजे नर्सिंग असिस्टंट. त्याच्या कोर्सला केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे कमीत कमी ७५ तास लागतात, न्यू जर्सीत ९०. तो लवकर आटोपतो, पण त्यातलं शिक्षण नर्सिंग होमच्या अंगानं जातं: आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं. ईएमटीचा कोर्स मोठा, राज्याप्रमाणे १२० ते २०० तासांच्या घरात किंवा थोडा जास्तही, पण तो सगळा अचानक आलेल्या आजार-अपघाताचाच. त्यामुळे इमर्जन्सीत जायचं ठरलंच असेल तर ईएमटी. न्यू जर्सीत गावोगावी स्वयंसेवी फर्स्ट एड स्क्वॉड, म्हणजे ॲम्ब्युलन्स चालवणारी पथकं, आहेत, त्यांच्या सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी राज्याचा निधीही आहे. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी जवळच्या स्क्वॉडच्या कॅप्टनला भेटून सदस्य होण्याच्या अटी आणि फीचं विचारून घ्या. फी भरून मग विचारलं की परतफेडीचं अवघड होऊन बसतं.

कोर्स उन्हाळ्यात करायचा. चालू सेमिस्टरला नाही आणि जानेवारीतही नाही, कारण दुसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक केमिस्ट्री असते आणि मेडिकल कॉलेजच्या अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चार विषयांचा जीपीए वेगळा काढून दाखवला जातो. ऑरगॅनिकला सी मिळाला तर इमर्जन्सीतले पाचशे तासही तो खड्डा भरून काढणार नाहीत. मे ते ऑगस्टमध्ये कोर्स उरकला की लगेच, म्हणजे दोन-चार आठवड्यांतच, ईएमटींच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीची परीक्षा द्यायची. कंप्युटरवर दोन तास, ७० ते १२० प्रश्न, प्रत्येकाला वेगळे, कारण उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न बदलतो. ७० प्रश्नांत परीक्षा बंद झाली म्हणून घाबरायचं नाही आणि १२० आले म्हणून नापास समजायचं नाही. कोर्स संपल्यावर पुढे पुढे ढकलत राहिलेली मुलंच बहुधा अडकतात. रक्तस्राव थांबवण्याच्या पायऱ्या ऑगस्टमध्ये तोंडपाठ असतात, डिसेंबरमध्ये नसतात. बीएलएसचं कार्ड, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण, हेही लागतं आणि ते दोन वर्षंच चालतं. ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळणारी स्वस्त कार्डं हॉस्पिटल घेत नाही, पुतळ्यावर हात ठेवून परीक्षा दिलेली हवी.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवे अर्ज. हॉस्पिटलच्या नोकऱ्यांच्या पानावर फक्त 'ईआर टेक' असं शोधलं तर निम्म्या जागा दिसतच नाहीत, कारण तेच पद कुठे पेशंट केअर टेक्निशियन, कुठे पेशंट केअर असोसिएट, कुठे इमर्जन्सी डिपार्टमेंट टेक्निशियन या नावानं असतं. 'पर डिएम' लिहिलेल्या जागा विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात सोयीच्या: पाळ्या ठरावीक नसतात, महिन्याला काही कमीत कमी पाळ्या द्याव्या लागतात, त्यात शनिवार-रविवार आणि सणाच्या दिवसांचा हिस्सा असतो. त्यांना आरोग्य विमा वगैरे मिळत नाही, पण ती तुमच्या विम्यावर २६ वर्षांपर्यंत राहू शकते. अर्जात 'वेळेची अडचण नाही' असं मोघम लिहायचं नाही. 'प्रत्येक शनिवारी संध्याकाळी ७ ते सकाळी ७, महिन्याला ३ पाळ्या, हिवाळी सुट्टीत आठवड्याला ३' असं लिहायचं. नर्स मॅनेजरला वेळापत्रकातली भोकं बुजवायची असतात, आणि शनिवारची रात्र मागणारा उमेदवार तिला क्वचित मिळतो. मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: चार नंबरच्या आजी पाणी मागताहेत, सहाचे गृहस्थ छातीत दुखतंय म्हणताहेत, नर्स म्हणते नऊला एक्स-रेला ने. आधी काय? आधी सहा नंबर, आणि त्याच वेळी मोठ्यानं नर्सला सांगणं की सहाला छातीत दुखतंय. 'मी सगळं भराभर करीन' हे उत्तर चुकीचं.

छातीत दुखणाऱ्याचं पहिलं काम टेकच्याच हातात असतं, म्हणून त्याबद्दल जरा थांबून सांगतो. अशा रुग्णाचा बारा लीडचा ईसीजी दारातून आल्यापासून १० मिनिटांत काढून डॉक्टरच्या हातात गेला पाहिजे. दहा मिनिटांत शर्ट काढणं, घाम पुसणं, केस असतील तर थोडे कापणं, दहा ठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवणं, माणसाला हलू नका म्हणणं, सगळं बसवायचं. आणि चूक बहुतेक वेळा पहिल्या दोन इलेक्ट्रोडलाच होते. ते छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावायचे असतात. घाईत मुलं ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावतात, आणि मग झटका नसलेल्या माणसाच्या कागदावर जुन्या झटक्यासारखी खूण उमटते. फट मोजायची रीत अशी: गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवत यायचं, हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्या खालची फट दुसरी. तिथून दोन फटी खाली. डोळ्यांनी नाही, बोटानं मोजायचं. तिसऱ्या इलेक्ट्रोडच्या आधी चौथा लावायचा, पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली, आणि मग दुसऱ्या-चौथ्याच्या बरोबर मध्ये तिसरा. पाचवा आणि सहावा चौथ्याच्याच आडव्या रेषेत, काखेच्या पुढच्या कडेखाली आणि काखेच्या मध्याखाली. बाईचा ईसीजी असेल तर आधी पडदा ओढायचा, चादर द्यायची, काय करणार ते सांगायचं, आणि इलेक्ट्रोड स्तनाच्या खाली लावायचा. संकोचानं वर लावला तर कागद चुकतो. दोन हातांच्या वायरी उलट लागल्या तर पहिली लीड, म्हणजे कागदावर 'I' लिहिलेली रेघ, पूर्ण पालथी दिसते. कागद बाहेर आला की आधी ती बघायची. आणि तो कागद ट्रेमध्ये ठेवून निघून जायचं नाही. डॉक्टरच्या हातात द्यायचा, त्यांनी वेळ टाकून सही करेपर्यंत तिथेच उभं राहायचं.

रक्त काढायचं काम बऱ्याच ठिकाणी टेककडे असतं. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं, तिथे त्यासाठी राज्याचं वेगळं फ्लेबॉटमी सर्टिफिकेट लागतं. बाटल्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी कल्चरच्या (रक्तात जंतू आहेत का ते पाहायच्या), मग फिकी निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. तो का, हे कळलं की तो विसरत नाही. जांभळ्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनात पोटॅशियम असतं. तिचा थेंब पुढच्या बाटलीत गेला तर धडधाकट माणसाचं पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. निळी बाटली रेषेपर्यंत भरलीच पाहिजे, तिच्यात आतल्या रसायनाच्या एका भागाला नऊ भाग रक्त असं प्रमाण आहे, अर्धवट भरली की प्रयोगशाळा परत पाठवते आणि रुग्णाला पुन्हा टोचावं लागतं. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवायचा नाही. आणि लेबल रुग्णाच्या खाटेशीच लावायचं. 'तुम्ही मिसेस पटेल ना?' असं कधी विचारायचं नाही, कारण घाबरलेली, कमी ऐकू येणारी बाई कशालाही मान डोलावते, आणि एडिसनच्या आसपास एकाच रात्री तीन पटेल आणि दोन शहा दाखल असणं अगदी साधी गोष्ट आहे. 'तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा' असं विचारायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचं.

पाण्याचं वर आलंच आहे, तर ही चूक सगळ्यात मायाळू मुलांकडून होते म्हणून सांगतो. घसा कोरडा पडलेल्या आजी घोटभर पाणी मागतात, आणि मुलगी ते आणून देते. आजींचं संध्याकाळी ऑपरेशन ठरलेलं असलं तर ते पुढे जातं. त्यांना पक्षाघाताचा झटका आलेला असला तर गिळण्याची तपासणी होण्याआधी दिलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. पाणी, बिस्किट, घरून आणलेला वरणभात, काहीही नर्सला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ओठ ओले करायला भिजवलेला स्पंज चालेल का, हे विचारता येतं.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. रात्री कुणी मराठी किंवा हिंदी बोलणारे आजोबा आले, इंग्रजी येत नाही, मुलाला यायला तास लागणार. लगेच कुणीतरी म्हणतं, 'तुला येतं ना यांची भाषा, विचार.' धीर देणं, बाथरूम कुठे आहे ते सांगणं, पांघरूण हवं का विचारणं, हे तिनं जरूर करावं. त्या आजोबांच्या चेहऱ्यावर तेवढ्यानंही फरक पडतो. पण आजाराची माहिती, औषधांची ॲलर्जी, ऑपरेशनची संमती यांचं भाषांतर तिनं करायचं नाही. त्यासाठी पात्र दुभाषी देणं हॉस्पिटलवर कायद्यानं बंधनकारक आहे आणि तो फोनवर किंवा व्हिडिओवर मिळतो. 'चक्कर येते' आणि 'घेरी येऊन पडलो' यातला फरक भाषांतरात हरवला तर तपासणीची दिशाच बदलते.

बाकी धोके थोडक्यात. सुई टोचली तर लपवायचं नाही. लगेच साबण-पाण्यानं धुवायचं, चार्ज नर्सला, म्हणजे त्या पाळीच्या प्रमुख नर्सला, सांगायचं, त्याच पाळीत तपासणी करून घ्यायची. एचआयव्हीविरोधी गोळ्या लागल्या तर जितक्या लवकर तितक्या उपयोगी, ७२ तासांनंतर त्या सहसा सुरू करत नाहीत. हिपेटायटिस बीची लस मालकानं फुकट द्यावी असा १९९१ पासूनचा नियम आहे. ओळखीचं कुणी दाखल झालं म्हणून कंप्युटरवर त्यांची फाइल उघडायची नाही, अगदी आजी असली तरी. कोणी कुठली फाइल कधी उघडली याची नोंद राहते, आणि यासाठी नोकरी जाते. पोलिस केस असेल तर जखमीचे कपडे शिवणीवरून कापायचे, चाकूच्या किंवा गोळीच्या भोकातून कात्री घालायची नाही, आणि ते कागदी पिशवीत ठेवायचे, प्लॅस्टिकच्या नाही. आणि छाती दाबायची वेळ आली तर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचं. दमल्यावर 'मला जमतंय' म्हणत राहिलं की खोली कमी होते आणि ते स्वतःला कळत नाही. अंगानं बारीक मुलगी असेल तर आधीच पायाखाली स्टूल घ्यावं.

पहिला मृत्यू पाहिल्यानंतर लेक घरी गप्प असेल. त्या दिवशी 'सोड ती नोकरी' म्हणू नका, आणि 'डॉक्टर व्हायचं तर सवय कर' असंही नको. जेवायला वाढा आणि शेजारी बसा. रुग्णाचं नाव ती सांगू शकणार नाही, ते विचारू नका.

हिशेब किती जमतो ते पाहू. ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्याला ३ पाळ्या म्हणजे २४. हिवाळी सुट्टीत ९ जादा. ३३ पाळ्या, प्रत्येकी १२ तास, एकूण ३९६ तास. मेडिकल कॉलेजांचा सामायिक अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भरायचा असतो, तेव्हा हे तास हातात असतील. नुसत्या हजेरीचे तास याहून जास्त असलेली मुलं पुष्कळ भेटतील, पण रुग्णाशी थेट काम केलेले ४०० तास भक्कम आहेत. त्या वर्षी अर्ज न करता पदवीनंतर एक वर्ष पूर्णवेळ काम करून मग अर्ज केला तरी काही बिघडत नाही. हल्ली निम्म्याहून जास्त मुलं तसंच करतात, ते वाया गेलेलं वर्ष मानू नका. अर्जात एकूण १५ गोष्टी लिहायची जागा असते, प्रत्येकी ७०० अक्षरं, आणि त्यातल्या तीन महत्त्वाच्या ठरवून त्यांच्यावर आणखी १,३२५ अक्षरं लिहिता येतात. त्यासाठी तिनं प्रत्येक पाळीनंतर घरी चार ओळी लिहून ठेवाव्यात: तारीख, तास, काय केलं, काय चुकलं. रुग्णाचं नाव, वय, खाट नंबर, ओळख पटेल असं काहीही नाही. वर्षभरानं आठवून लिहिलेलं सगळं एकसारखं होतं.

नियम एकच घाला: परीक्षेच्या आदल्या रात्री पाळी नाही, आणि कुठल्याही सेमिस्टरला महिन्यात चारपेक्षा जास्त नाहीत. मिडटर्मच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कळतात, त्या आधीच वेळापत्रक करणाऱ्याला द्यायच्या. आयत्या वेळी 'येत नाही' म्हणून फोन केल्यानं जेवढं नाव खराब होतं तेवढं दुसऱ्या कशानं होत नाही. रात्रपाळीनंतर सकाळी सात वाजता तिनं स्वतः गाडी चालवत यायचं का, याचाही विचार करा. पहिले काही आठवडे तुमच्यापैकी कुणी आणायला गेलं तर उत्तम.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं अजून एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून, आहेत, त्यांना हे लागू होत नाही. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, पर डिएमही नाही. आईवडिलांच्या ग्रीन कार्डच्या अर्जाबरोबर मुलाचाही अर्ज दाखल होऊन वर्क परमिट हातात आलं असेल तर गोष्ट वेगळी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत, बाहेरच्या कामाला कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी लेखी परवानगी. हॉस्पिटलचा रीतसर व्हॉलंटियर कार्यक्रम दोघांनाही खुला असतो. मात्र एरवी पगार मिळतो त्या जागेवर 'फुकट करतो' म्हणून काम करणं नियमात बसत नाही, कुणी आग्रह केला तरी करू देऊ नका.

आणि ताई, एक काम आजच तुमच्या हातात आहे. नोकरी पक्की झाल्यावर आरोग्य तपासणीत आठवडेच्या आठवडे जातात, आणि भारतात जन्मलेली मुलं इथेच रखडतात. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या लशीचा पुरावा मागतात, नाहीतर रक्तातली प्रतिकारशक्ती तपासतात. हिपेटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. टीबीची तपासणी असते, आणि लेकीच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असणारच. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची टीबी चाचणी आजार नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, पुन्हा भेट, पुन्हा चिठ्ठी. तिनं पहिल्याच भेटीत 'मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करा' असं सांगावं, त्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तिचं पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांनी भरलेलं लसीकरणाचं कार्ड कुठल्या फाइलमध्ये आहे ते शोधा, आणि तिकडे आजोळीच राहिलं असेल तर दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून पाठवायला सांगा.